पान एकशे बारानंतर

पुस्तक हातात पडलं की ते आधी शेवटचं पान उघडायचे. उभ्याउभ्याच. भार डाव्या पायावरून उजव्यावर, उजव्यावरून परत डाव्यावर टाकत चार ओळी वाचायचे आणि म्हणायचे, "शेवट बघून घ्यावा ताई. न्हाईतर दोनशे पानं चालत जायचं आणि पुढं दाराला कुलूप."

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. सिनेमा असो, मालिका असो, मुलांचं कॉमिक असो, त्याचं त्यावर काहीतरी म्हणणं असतंच, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आमच्याकडे ते लाईटवाले काका होते. घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायचं, हे त्यांचं काम. मी तेव्हा राजारामपुरीतल्या एका छोट्या वाचनालयात काउंटरवर बसायचे. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. दुपारी चारच्या सुमारास काका यायचे, खांद्याला पिशवी, कानावर पेन्सिल. वाचनालयात तीन खुर्च्या होत्या. त्यातल्या एकीवरही ते बसलेले मला आठवत नाहीत.

मीटर बघायला घराघरांत शिरत असल्यामुळे कुठल्या घरात कोणती मालिका चालते हे त्यांना पाठ होतं. "त्या मालिकेतल्या बाईचा नवरा जाऊन सहा भाग झाले," ते एकदा तावातावानं सांगत आले, "घरात कोण एकदा तरी जेवलंय का? रडत्यात, पण जेवत न्हाईत." नवा सिनेमा लागला की पहिल्या रविवारी बघून यायचे आणि सोमवारी आमच्यासमोर त्याची चिरफाड. "हिरो काय काम करतोय ते अडीच तासांत कळलं न्हाय. बंगल्यात झुंबरं लटकत्यात. लाईटबिल कोण भरतंय?"

कॉमिक घ्यायला आलेल्या शाळकरी मुलीलाही सुटका नसायची. "ह्येला उडायला येतंय न्हवं? मग जिन्यानं का पळालाय?" ती मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, चित्रकाराला जिना चांगला काढता येत असेल." त्या उत्तरावर काका आठवडाभर खूश होते. का, तर तिनं कारण दिलं होतं.

कारण सांगा, हा त्यांचा धोशा होता. कुणी पुस्तक परत करताना "छान आहे" म्हणालं की हे पाठीमागून, "चांगलं-वाईट कोणबी म्हणतंय. कारण सांगा." माणसं बिचारी घाबरायची. एक आजोबा तर पुस्तक परत करायला यायच्या आधी घरी कारणाची तयारी करून यायचे.

स्वतःचं कारण ते पेन्सिलीनं लिहायचे, पुस्तकाच्या शेवटच्या पानावर. 'खुनी सतराव्या पानावर कळतो. कारण, तो एकटाच सगळ्यांशी गोड बोलतो.' 'कथा बरी. पण लेखक पावसाला घाबरलेला दिसतो, दोन वर्षांत एकदाही पाऊस नाही.' आमच्या मालकांना हे खपायचं नाही. परत आलेलं प्रत्येक पुस्तक तपासायचं आणि पेन्सिलीचं लिखाण खोडायचं, हे काम त्यांनी मला लावून दिलं. मी खोडायला लागले तशी सभासदांची तक्रार आली. एक बाई म्हणाल्या, "मी तर तेवढंच वाचायला पुस्तक नेते."

मालक नरमले. त्यांनी नियम बदलला: काकांचं अक्षर राहू द्यायचं, बाकी सगळ्यांचं खोडायचं. कारण तोवर इतरांनाही चेव चढला होता. 'वेळ फुकट', 'एकदम झकास', बदामात दोन अक्षरं, असलं बरंच काही. दर शनिवारी मी रबर घेऊन बसायचे. काकांचं तिरकं, लांब वेलांट्यांचं अक्षर नाही असं दिसलं की वाचत बसायचं नाही, फिरव रबर. त्या कामात माझा हात चांगला बसला होता. खोडल्याची खूणही राहायची नाही.

एका दुपारी काकांनी पिशवीतून खाकी कागदात गुंडाळलेलं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. "एका मित्राचं हाय. इथल्याच प्रेसमधनं काढलंय. ठेवा एक." कादंबरी होती. लेखकाचं नाव कधी न ऐकलेलं. राधानगरीकडच्या एका वाडीत वीज येते आणि एक म्हातारी ती घरात घ्यायला नकार देते, अशी गोष्ट होती म्हणे. मी शिक्का मारून कपाटात लावली. वाचली नाही. हे मला सांगायला हवं, म्हणून सांगते.

त्यानंतर काकांचं येणं वाढलं. आले की आधी त्या कपाटाशी जायचे, कादंबरी काढायचे, पहिल्या पानावरची तारखांची चिठ्ठी बघायचे आणि परत ठेवायचे. कपाट ते काउंटर, काउंटर ते कपाट. महिने गेले, चिठ्ठी कोरीच. मी एकदा सहज म्हणाले, "काका, या पुस्तकावर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत." ते घाईघाईनं म्हणाले, "मित्राचं हाय की. मित्राच्या पुस्तकावर लिहू नये."

मग एका सोमवारी चिठ्ठीवर एक तारीख होती. काकांनी ती दोनदा बघितली. पुस्तक उलटं केलं आणि शेवटचं पान उघडलं. नंतर ते पान त्यांनी माझ्यासमोर धरलं.

"हितं कायतरी लिहिलंतं."

पान स्वच्छ होतं, पण खिडकीच्या उजेडात तिरपं धरल्यावर कागद तेवढ्या जागी किंचित खरवडलेला दिसत होता. तीन-चार ओळींचा पट्टा. शनिवारी मीच खोडला असणार. त्यांचं अक्षर नव्हतं, एवढंच मी पाहिलं होतं.

"काय लिहिलंतं, ताई?"

त्यांचा आवाज ऐकून मला एकदम कळलं, मित्र कोण ते. मी म्हणाले, "छान, असं काहीतरी होतं बहुतेक."

"कारण?"

मी टेबलावरचं रबर खणात सरकवलं. काका माझ्याकडे पाहत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, आडवी धरली आणि त्या जागेवर हलक्या हातानं शिसं घासायला सुरुवात केली. लिहिताना दाब पडलेला असतो, शिसं घासलं की अक्षरं पांढरी उठतात, हे मला तेव्हा समजलं. पान राखाडी होत गेलं आणि सुरुवातीचे तीन शब्द उठले: 'पान ११२ नंतर'. पुढे काहीच नाही. माझं खोडणं फार चांगलं होतं.

पुस्तक नेलं होतं एका शिक्षिकेनं. त्याच आठवड्यात सभासदत्व बंद करून त्या चंदगडकडे बदलीवर गेल्या होत्या. मी म्हणाले, "पत्ता शोधते, पत्र टाकू."

"नको," काका म्हणाले. "लिहिणाऱ्यानं वाचणाऱ्याच्या दारात जायचं नसतंय."

पण पुढचं न कळणं त्यांना सोसलं नाही. लोकांच्या पुस्तकांवर इतकी वर्षं खोट काढलेल्या माणसाला 'पान ११२ नंतर'च्या पुढे कौतुक असू शकेल, हे सुचणारच नव्हतं. एकदा म्हणाले, "एकशे बारानंतर सगळं त्या म्हातारीच्या अंधाऱ्या घरातच हाय. कंटाळली असणार वाचणारी. व्हय की न्हाय?" मी म्हणाले, "तसंच कशावरून?" ते कपाटाकडे वळले. सिनेमावर बोलणं कमी झालं. नवी मालिका आली तरी त्यांना तिची खबर नसायची. येरझाऱ्या तेवढ्या वाढल्या.

दोन-अडीच वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, त्यांनी मला एक जाड वही आणून दिली. "एकशे बाराच्या पुढचं सगळं नवं केलंय. बघा आन् कारण सांगा." मी वही खणात ठेवली. रोज चार वाजता ते यायचे. "वाचलं?" "वाचते की काका." त्या दिवसांत वाचनालयाची कपाटं हलवणं चाललं होतं, मला खरंच वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला भीतीही वाटत होती. पंधरा दिवस असे गेले. सोळाव्या दिवशी ते आले नाहीत. मालकांनी सांगितलं, सकाळी चहा पिता पिता गेले.

मग वाचलं. आधी छापलेलं, नंतर वहीतलं. वहीत म्हातारी वीज घेते, दिवा लागतो, वाडी जमते, सगळं झटपट आणि नीट. छापलेल्या पुस्तकात ती घेत नाही. त्या घरातल्या अंधारात लेखक शंभर पानं बसलेला असतो, उठत नाही. उभ्या जन्मात खुर्चीवर न टेकलेला हा माणूस तिथे कसा बसला असेल, याचं मला नवल वाटलं. ती शंभर पानं फार चांगली होती. हे सांगायला मला पंधरा दिवस मिळाले होते.

घरोघरी केबल आली, सभासद गळत गेले आणि काही वर्षांनी मालकांनी वाचनालय बंद करायचं ठरवलं. राहिलेली पुस्तकं आणून द्या, असं जुन्या सभासदांना कळवलं. एक बाई गारगोटीहून आल्या, बदलीच्या गडबडीत राहून गेलेलं जुनं मासिक परत करायला. निघताना म्हणाल्या, "ती वीज न घेणाऱ्या म्हातारीची कादंबरी आहे का अजून? चंदगडला जाताना घाईत परत केली. नंतर कुठं मिळाली नाही."

मी खुर्चीतून उठले. "तुम्ही तिच्यात काही लिहिलं होतं?"

त्या ओशाळल्या. "तुमच्याकडच्या पुस्तकांत कुणीतरी कारण लिहायचं, म्हणून मीही लिहिलं. पेन्सिलीनंच हं."

"काय लिहिलं होतं?"

त्यांना शब्दन्‌शब्द आठवत होता. मी कादंबरी काढली, शेवटचं पान उघडलं आणि म्हणाले, "परत लिहाल?" त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली. मी ती काढून घेतली आणि माझं पेन दिलं.

ते पुस्तक आज माझ्या घरी आहे, वही त्याच्या शेजारी. शेवटच्या पानावर शिसाचा राखाडी डाग आहे आणि त्याखाली निळ्या शाईत लिहिलंय: 'पान ११२ नंतर पुस्तक खाली ठेवता आलं नाही, भात करपला. कारण, त्या घरात माझी आई दिसली.'