दोन तांबे पाणी

लातूर नवा जिल्हा झाला आणि चहूकडे घरं उठू लागली. माझे वडील वायरमन. त्या घरांच्या मागे मागे आम्ही चाकूरहून लातुरात आलो. आमच्या घरामागे त्यांनी स्वतः अर्थिंगचा खड्डा घेतला होता. आत मीठ आणि कोळसा, वर लोखंडी पाइपाचं तोंड. भरकटलेली वीज त्यातून जमिनीत जिरते, पण माती ओली असेल तरच. म्हणून वडील रोज सकाळी देवपूजा करावी तसे त्यात दोन तांबे पाणी ओतत.

त्यातच दुष्काळ पडला. टँकर आठवड्यानं यायचा. ते दिवस आठवले की सगळं धुळीच्या पिवळ्या उजेडात तरंगताना दिसतं: पालथ्या घागरी, दोरीवरचे न हलणारे कपडे, आणि पाणी पिणाऱ्या मातीचा बारीक आवाज. मला तो आवडायचा. आई मात्र पेटायची.

"माणसाला प्यायला न्हाई आन् तुम्ही जमिनीला पाजायलात!"

"नियम हाय," वडील म्हणत. विषय संपला.

मी तेव्हा कॉलेजात, मला आईचंच पटायचं. वडील आठ दिवस कामासाठी नांदेडला गेले, तेव्हा ते पाणी माझ्यावर सोपवून गेले. मी तांबे भरायची, आई ते परत घागरीत ओतायची आणि मी ओतू द्यायची. आम्ही दोघी मोठ्या शहाण्या!

सहाव्या दिवशी दुपारी पंख्याच्या लोखंडी जाळीला आईचा हात लागला आणि ती भिंतीवर जाऊन आदळली. वाचली. पण तिनं डोळे उघडेपर्यंतचा तो वेळ माझ्यासाठी अजून पुरता संपलेला नाही.

वडील परतले. "पाणी घातलं होतं का?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "घातलं होतं की. पोरगी रोज घालत होती."

त्यांनी खड्ड्यापाशी वाकून मातीला हात लावला, बोटं झटकली आणि ते तांब्या भरायला आत गेले. त्यांनी ओरडावं असं मला फार वाटत होतं.

दुसऱ्या सकाळी आई त्या पाइपावर वाकून तोंड धूत होती. "नियमात पाणी हाय. चांगलंच पायजे, असं कुठं हाय?"

वडील हसले आणि खांद्यावर टॉवेल टाकून तिच्यामागे उभे राहिले. मग सगळं घर तिथंच तोंड धुवायला लागलं. तांदळाचं धुवणही तिथंच जायचं.

आता वडील नाहीत. आई माझ्याकडे नांदेडला असते. नळाला भरपूर पाणी आहे, तरी उन्हाळ्यात ती रोज सकाळी इमारतीच्या पार्किंगमधल्या अर्थिंगच्या खड्ड्याशी जाऊन तोंड धुते. विचारणारं कुणी उरलेलं नाही. तरी वर आल्यावर, दारात चप्पल काढता काढता, ती सांगते, "घातलं बरं का."