बाबांचे शेवटचे शब्द

आमच्या शेजारच्या काकाजींनी आयुष्यात काही खरं सांगितलंच असेल, तर ते मतदारयादीसाठी स्वतःचं नाव. आणि बाबा म्हणत, तेही एकदा पडताळून पाहायला हवं. नागपुरात जरीपटक्याजवळच्या गल्लीत त्यांची नि आमची भिंत एकच होती. बाबा आणि ते एकाच कापडगिरणीत, एकाच पाळीत. काकाजींनी रामटेकच्या जंगलात फटकन छत्री उघडून वाघ पळवला होता, गिरणीच्या मॅनेजरला अंबाझरी तलावात पोहायला शिकवलं होतं. त्यांचा उजवा पाय थोडा लंगडत असे. त्याचं कारण माणूस पाहून बदले. पोरांना फुटबॉल, पाहुण्यांना मालगाडी. काकू आतून शांतपणे म्हणत, "म्हशीनं पाडलं." काकाजी जराही रागावत नसत; मग ते ती म्हैस केवढी होती, हे सांगायला घेत.

आणीबाणी उठली त्याच उन्हाळ्यात बाबा गेले. भरदुपारी. आई रेशनच्या रांगेत होती, मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात ड्युटीवर. जवळ एकटे काकाजी. मी पोचलो तोवर बाबांना पांढऱ्या चादरीनं झाकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागली आणि काकाजी दाराशी खुर्ची टाकून बसले. येईल त्याला ते सांगत, की बाबांनी जाताना त्याची आठवण काढली. दूधवाल्याशी बाबांचं पाण्यावरून रोज वाजे. असं निर्मळ दूध साऱ्या नागपुरात नाही, हे बाबांचे अखेरचे उद्गार ऐकून तो डोळे पुसत गेला, आणि पुढे चार दिवस आमच्याकडे दूध खरोखरच घट्ट आलं. लकडगंजची आत्या सहा वर्षं बाबांशी बोलत नव्हती. 'माझ्या बहिणीला बोलवा' असं बाबा म्हणाले होते, हे कळल्यावर ती आईच्या गळ्यात पडली, आणि परत जायचं नावच काढेना. आईला काकाजींनी काय सांगितलं, ते तिनं मला कधीच कळू दिलं नाही. पण त्या दिवशी ती पहिल्यांदा दोन घास जेवली.

एवढं सगळं बोलायला बाबांना निदान दोन तास लागले असते, हे मलाही कळत होतं. तरी काकाजी मला एकट्यालाच काही सांगत नव्हते, हे आत कुठेतरी टोचत राहिलं. चौथ्या दिवशी माणसं जरा पांगल्यावर मी विचारलंच, "काकाजी, माहं नाव घेतलं का बाबानं?"

त्यांनी वाकून दारातली एक चप्पल सरळ केली.

"कोणाचंच नाही घेतलं गा. पाणी मांगतलं. मी आत गेलो, त गिलासच सापडेना. घेऊन आलो तोवर..." त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "मी होतोच कुठी तिथं? मी सैपाकघरात होतो."

इतका लहान झालेला त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मागच्या रविवारी बाबा मले म्हणत होते, काकाजी घरी असले का मले निवांत झोप लागते."

मागच्या रविवारी मी घरी आलोच नव्हतो. खापरखेड्याच्या कॉलनीत पत्ते कुटत बसलो होतो, आणि बाबा संध्याकाळपर्यंत ओट्यावर माझी वाट पाहत होते. त्यांच्या शेजारी काकाजीच बसलेले होते.

काकाजींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग पाय थोडा लांब करून ते खुर्चीत नीट बसले.

"अजून काय म्हणे?" त्यांनी हळूच विचारलं.

मी उंबऱ्यावर टेकलो आणि सांगत गेलो.