पुनाबाईचा कोंडवाडा

पोरं ओरडायला लागली की माणसं उठून बघतात. पुनाबाई थूल पोरं गप्प झाली की उठायची. अंगणात ज्वारी पाखडत बसलेली असली तरी गलका थांबला की सूप तिथंच टाकायची, आत येऊन जो झोपला असेल त्याच्या नाकाखाली बोट धरायची आणि तळपायाला चिमटा काढायची. पोरगं भोकाड पसरलं की तिचा जीव भांड्यात पडे. झोपलेल्या लेकराला रडवून समाधान पावणारी बाई मी जन्मात एकच पाहिली, आणि नेमक्या तिलाच पगार देण्याचं सरकारच्या मनात आलं होतं.

मी तेव्हा समुद्रपूरला विकासाच्या कचेरीत कारकून होतो. विकास त्या काळी जीपमधून यायचा आणि धूळ खाली बसायच्या आत परत जायचा. आमचा जिल्हा नुकताच नागपूरकडून मुंबईकडे गेला होता, त्यामुळे ज्या कागदाला पूर्वी तीन महिन्यांत उत्तर येत नसे, त्याला आता सहा महिन्यांत येईनासं झालं होतं. अशात एक योजना आली. खेड्यात पोरं सांभाळणाऱ्या बायकांना सहा महिने शिकवायचं, शिकताना भत्ता द्यायचा आणि नंतर दरमहा पगार. कचेरी पोट धरून हसली. "पोरं सांभाळायला पगार? उद्या भाकऱ्या थापायला पेन्शन मागतील," आमचे हेडक्लार्क म्हणाले. त्यांची सात पोरं त्यांच्या बायकोने फुकटात वाढवली होती, त्यामुळे या विषयात त्यांचा अधिकार मोठा होता.

यादीत दोन गावं होती आणि पगार एकीलाच मिळायचा होता. पुनाबाई त्यातल्या एका गावची. कापूस वेचणीच्या दिवसांत तिथल्या बाया सकाळीच शेतावर जात आणि जाताना पोरं तिच्याकडे सोडत. जागा म्हणजे गावाबाहेरचा जुना कोंडवाडा. मोकाट गुरं पकडणारा शिपाई पेन्शनीत गेल्यापासून तो रिकामाच होता. पुनाबाई विधवा, चाळिशी उलटलेली, चौथी पास. आदल्या वर्षी नागपूरला जाऊन बुद्धाला शरण जाऊन आलेली. वरच्या आळीतल्या विहिरीवर तिला मज्जाव होता, पण त्याच आळीतल्या बाया आपली तान्ही तिच्या मांडीवर ठेवून जात. तिच्या हाताने पाण्याला विटाळ होत असे, पोराला होत नसे. वेचणी संपली की मग पोरालाही होऊ लागे.

मोबदला म्हणजे घरटी पसाभर ज्वारी, तीही आठवण राहिली तर. अरे-तुरेशिवाय ती कुणाशी बोलत नसे, मग समोर सरकारी माणूस का असेना. "यंदा ज्वारी पुरत नाई, बाबू," पहिल्याच भेटीत ती मला म्हणाली. "पगार भेटला तं ठीक. नाई तं मले बी वेचाले जा लागते. मंग हे पोट्टे कोनापाशी राह्यतीन?" एवढं बोलून तिने एक शेंबडं पोर माझ्या मांडीवर बसवलं आणि ती चुलीकडे गेली. मी त्या पोराकडे आणि ते माझ्याकडे बराच वेळ संशयाने बघत होतो.

मग तपासणीला निरीक्षक बाई आल्या. त्यांच्याजवळ छापील तक्ता होता आणि त्यात 'शिस्त' नावाचा रकाना होता. आधी आम्ही शेजारच्या गावी पाटलाच्या वहिनीची बालवाडी बघितली. सारवलेली ओसरी, नवी सतरंजी, आणि तिच्यावर बारा पोरं ओळीने झोपलेली. माशी नाकावर बसली तरी एकही हलत नव्हतं. बाई हळव्या झाल्या, चवड्यांवर चालू लागल्या. "लिहा, आदर्श," त्या कुजबुजल्या. माझं अक्षर चांगलं. मी लिहिलं.

तिथून आम्ही कोंडवाड्यात आलो. एक पोरगं जीपच्या टपावर चढलं, दुसऱ्याने भोंगा वाजवला, तिसऱ्याने बाईंच्या पांढऱ्या खादीला नाक पुसलं. पुनाबाई मध्ये उभी राहून कौतुकाने बघत होती. बाईंनी शिस्तीच्या रकान्यात काट मारली, पण मन मोठं करून म्हणाल्या, "महिन्याने पुन्हा येते. मुलं शांत बसली तर हिचाच विचार करू. गरज हिला जास्त आहे."

बाई जीपमध्ये जाऊन बसल्या तेव्हा मी पुनाबाईला झापलं. "तिकडची पोरं बघ, कशी गुमान झोपतात."

"काऊन झोपतेत, इचारलं का तू?"

"शिस्त," मी म्हणालो.

"ते शिस्त नखाले लावून चाटवतेत, बाबू. अफू. मंग दिवसभर पोट्टं हू का चू करत नाई." तिने एका पोराचं नाक पुसलं. "मी बी चाटवत होती माह्या पोरीले. लय शांत पोरगी. एक डाव वेचून आली मी, झोळीत हात घातला, तं थंडगार पडली होती."

ती रडली नाही. पोरांना आंघोळ घालायचं पाणी तापलं का, ते बघायला गेली. आम्ही कचेरीत परतलो. अहवाल अजून माझ्याच टेबलावर होता, त्यात दोन ओळी घालता आल्या असत्या. पण बाईंनी सांगितलेलं कारकुनाने खोडायचं म्हणजे वरून शेरा आलाच, आणि माझी बढती तोंडावर आलेली. बारा पोरांपेक्षा बढती मोठी असते हे मला नोकरीने शिकवलं होतं. मला मात्र शिकताना भत्ताही मिळाला होता.

महिन्याने आम्ही पुन्हा गेलो तेव्हा कोंडवाडा चिडीचूप होता. सतरा पोरं भिंतीला टेकून, एकमेकांवर मान टाकून बसलेली. पुनाबाई दूरच्या ओढ्यावर पाण्याला गेली होती. दारात गिरजा नावाची एक वेचणारी बाई आम्हाला बघायलाच थांबली होती. ती हसत माझ्या कानाशी आली. "आमी साऱ्याईनं मिळून चाटवली. पुनामायले सांगतलं नाई. पगार भेटला पाह्यजे तिले. एका दिसानं काई होत नाई."

निरीक्षक बाई तर भारावून गेल्या होत्या. "महिन्याभरात केवढी सुधारणा! मंजुरीची शिफारस आत्ताच लिहून टाकू." मी पेनचं टोपण काढलं. तेवढ्यात डोक्यावर घागर घेऊन पुनाबाई आली. दारातूनच तिला कळलं. घागर तिने पहिल्या तीन पोरांवर ओतली. मग एकेकाला उभं करून गालावर चापट्या, तळपायाला चिमटे. "उठ रे, उठ माह्या राजा." सर्वांत लहान पोर डोळे उघडेना. ते तिने माझ्या हातात कोंबलं. "चालव याले. खाली नोको ठेवू." मी चालवू लागलो. हळूहळू एकेक पोर रडायला लागलं आणि कोंडवाडा दणाणला. माझ्या खांद्यावरचं सगळ्यांत शेवटी रडलं.

"झोपलेल्या लेकरांना मारतेस? वेडी आहेस का?" बाई ओरडल्या. "काय कारण?"

गिरजा भिंतीला चिकटून उभी होती. पुनाबाईने तिच्याकडे एकदा बघितलं. "मले गोंधळ आवडते," ती म्हणाली.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काही माहीत आहे?"

"नाही, बाई," मी म्हणालो.

'सेविका मुलांशी क्रूरपणे वागते. प्रशिक्षणास अपात्र.' हेही माझ्याच अक्षरात गेलं. पाटलाच्या वहिनी सहा महिने शिकून आल्या, प्रमाणपत्र भिंतीवर लागलं, पगार सुरू झाला. पोरं पूर्वीसारखीच झोपत राहिली, फक्त आता सरकारी खर्चाने.

माझी बढती झाली, वर्ध्याला बदली झाली. निघण्याआधी मी पुनाबाईला भेटायला गेलो. ती शेतात वेचत होती. बांधावरच्या बाभळीला झोळ्या टांगलेल्या, एकीतूनही आवाज नव्हता. चार बोंडं वेचली की ती झोळ्यांकडे धावत जायची, हात घालून बघायची, परत यायची. अशाने तिचा कापूस सगळ्यांपेक्षा कमी भरे आणि मालक शिव्या देई.

मी म्हणालो, "पुनाबाई, तू त्या दिवशी खरं का नाही सांगितलंस?"

"सांगतलं असतं तं गिरजीच्या, साऱ्याईच्या मांगं पोलीस लागले असते. त्याईनं माह्यासाठीच केलं होतं ना." ओटीतला कापूस तिने दाबून बसवला. "पन पाटलाच्या घरचं तं तुले मालूम होतं. मी सोता सांगतलं होतं तुले."

मी जायला वळलो.

"पोट्ट्याईले त्याईच्या मायनं चाटवली," ती म्हणाली. "तुले कोनं चाटवली होती, बाबू?"