दाजींचा सातवा दिवस

माझे दाजी फिलेमोनी म्हणजे अक्षरावर चालणारा माणूस. शास्त्रात जे लिहिलंय ते, आणि तेवढंच. वाचताना बोट ओळीवर, बोट अडलं की दाजी अडले. अर्थ काढणाऱ्यांचा त्यांना भारी राग. "देवाला म्हणायचं होतं ते त्याने लिहिलंय. मध्ये तोंड घालणारे तुम्ही कोण?" असं कुणालाही तोंडावर सुनावायचे.

माझी थोरली बहीण ओलातागा लग्न होऊन त्यांच्या घरी गेली, त्याच वर्षीची गोष्ट. प्रार्थना करताना खोलीत जा आणि दार लाव, असं शास्त्रात कुठेसं आहे. आता आमच्या बेटावरच्या घरांना भिंतीच नाहीत. खांब आणि वर छप्पर. दाजींनी राजधानीहून, आपियाहून, बोटीत घालून एक दार आणलं, कडीकोयंड्यासकट, आणि दोन खांबांच्या मध्ये बसवलं. रोज संध्याकाळी दारातून आत जायचे, कडी लावायचे, आणि चारी बाजूंनी अख्खं गाव बघत असताना गुडघे टेकायचे. पोरं बाजूने आत शिरून आतूनच दार वाजवायची, "फिलेमोनी, आहेस का घरात?" मी तर हसून हसून आडवी झाले. ताई नाही हसली. "सांगितलंय तसं करतात, तुझं काय जातंय?" म्हणाली.

बाकी गाव रविवारवालं आणि आमची मंडळी शनिवारवाली. शनिवार हा सातवा दिवस, तोच शब्बाथ, त्या दिवशी काम नाही, चूल नाही. शुक्रवारी सूर्य बुडाला की दाजी फणसाच्या फांदीला टांगलेली गॅसची रिकामी टाकी लोखंडी दांड्याने बडवायचे. तीस वर्षं बडवली. रविवारवाल्यांनी त्यावरून किती टोमणे मारले, दाजी ढिम्म हलले नाहीत.

आणि मग सरकारने एक दिवस गिळला. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाशी धंदा करायला सोपं पडावं म्हणून तारखेची रेघ आमच्या या बाजूची त्या बाजूला नेली. डिसेंबर संपत आला होता. गुरुवारी झोपायचं आणि शनिवारी उठायचं, मधला शुक्रवार नाहीच.

त्या गुरुवारी सूर्य बुडायला आला तेव्हा दाजी दांडा घेऊन टाकीपाशी उभे. उद्या शनिवार, म्हणजे शब्बाथ आजच लागणार. पण शब्बाथ लागतो शुक्रवारी सूर्य बुडाल्यावर, आणि शुक्रवार तर येणारच नव्हता.

"सेफीना, वाजवू का गं?" त्यांनी मला विचारलं. मला! शास्त्राच्या बाबतीत मला!

"अर्धं वाजवा," मी म्हटलं.

त्यांनी एकच टोला मारला, तोही हळू, आणि खाली बसले. मला वाटलं उगाच चेष्टा केली.

नंतर पाद्रीबाबांनी समजावलं. नावं माणसांनी बदलली, मोजणी देवाची आहे. गुरुवारनंतर उजाडला तो सहावा दिवस, त्याला कागदावर शनिवार म्हणोत की आणखी काही. सातवा त्याच्या पुढचा. म्हणजे कागदावरचा रविवार. मंडळीतले वडीलधारे एतुआते ताडकन उठले. "शास्त्रात सातवा, कॅलेंडरात सातवा शनिवार! जन्मभर ज्यांना हसलो त्यांच्या रांगेत आता जाऊन बसू?" नऊ घरं घेऊन ते बाहेर पडले. दाजीही त्यांच्यामागे गेले. ताई जागची हलली नाही.

दोघंही म्हणत होती, आम्ही अक्षर पाळतोय. दोघांचंही मला पटायचं. एक बोलायला लागलं की तेच खरं वाटायचं, मग दुसरं तोंड उघडायचं आणि माझ्या डोक्याचा पार भुगा. शेवटी मी दोन्हीकडे जायला लागले, आळीपाळीने, आणि दोन्हीकडून बोलणी खाल्ली.

ताईच्या घरात मग दोन शब्बाथ झाले. शनिवारी दाजी चटईवर थंड उकडलेला टॅरो, म्हणजे अळूचा कंद, चघळत बसायचे, आणि ताई उद्याची तयारी करायची. देवळात जायचे पांढरे कपडे धुवायची, नारळाच्या दुधातली टॅरोची पानं शिजवायची. वास सगळीकडे. रविवारी ती स्वस्थ आणि दाजी कोयता घेऊन मळ्यात. भांडण नव्हतं. पण अडतीस वर्षं एका बाकावर बसलेली माणसं, आता एकमेकांना "जाऊन येते", "जाऊन येतो" म्हणायची. ताई एकदा माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, "गाणी म्हणताना शेजारी त्यांचा बेसूर आवाज नसतो गं, मग माझा सूर लागत नाही."

एतुआतेंना तेही बघवलं नाही. त्यांचं घर रस्त्यावरच, दोरीवरचे कपडे दर शनिवारी दिसायचे. एका बुधवारी येऊन दाजींना म्हणाले, "घरात शब्बाथ मोडतो आणि तू प्रार्थनेला पहिल्या रांगेत? येत्या शनिवारी हिला गप्प बसव, नाहीतर माहेरी पाठव. दोन्ही जमत नसेल तर आमच्यात येऊ नकोस."

माहेर म्हणजे माझं घर. मी तेवढ्यात म्हणाले, "पाठवाच! मला धुणं धुवायला कुणीतरी हवंच आहे." कुणी हसलं नाही. दाजींचा चेहरा बघून माझंही हसू विरलं. ते तीन दिवस जेवले नाहीत धड. एकीकडे बायको, एकीकडे देव, आणि मधे हा एतुआते.

शनिवार आला. ताईने धुणं काढलं, नेहमीसारखंच. मी पिळायला गेले होते. एतुआते आले आणि अंगणात हात बांधून उभे राहिले. दाजींनी शास्त्र उघडलं, बोट ठेवलं आणि शब्बाथाची आज्ञा मोठ्याने वाचली. काम कुणी करायचं नाही त्याची तिथे यादीच आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, गुरं, दारातला परका.

बोट थांबलं. दाजींनी मागे नेलं, परत पुढे आणलं.

"बायको नाही लिहिलेली," ते म्हणाले.

"काय?"

"बायको. यादीत नाही. मुलगी आहे, दासी आहे, गुरं आहेत. ओलातागा यांतली कुणीच नाही. तिने काम केलं तर माझ्या घरात काहीच मोडत नाही."

एतुआते लालबुंद झाले. "अरे मूर्खा, बायको त्यात धरायची असते! अर्थ घ्यायचा असतो!"

"अर्थ घ्यायचा?" दाजींनी विचारलं. "अर्थच घ्यायचा होता तर पाद्रीबाबा काय वाईट सांगत होते?"

एतुआते तडक निघून गेले. मला इतका आनंद झाला की टाळीच वाजवली. जिंकले की दाजी! घराबाहेर कुणी जाणार नव्हतं. मी ताईकडे वळले, तर ती बादलीपाशी तशीच उभी, हातात ओला सदरा.

"परत वाचा," ती म्हणाली.

दाजींनी वाचलं. गुरांपाशी आल्यावर तिने हात वर केला.

"गुरांना सुट्टी आहे?"

"आहे."

"परक्याला?"

"आहे."

"आणि मी नाहीच? बघा नीट."

दाजी वाकले. अक्षर अन् अक्षर चाचपलं. सत्तर वर्षांचा माणूस, नाक पानाला टेकायला आलेलं. मग एकदम पहिल्या शब्दाशी गेले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, पहिलाच शब्द बघ. 'तू.' त्यात तू आलीस की! तू आणि मी, दोघं एकच. तूच आहेस ती."

ताईने सदरा झटकला आणि दोरीवर टाकला.

"मघाशी नव्हते," ती म्हणाली.