भेटायला येणारी माणसं

मी पी.टी.चा मास्तर. बेळगावातल्या एका हायस्कुलात गेली वीस-बावीस वर्षं पोरांना पळवतोय, घाम काढतोय. "पडून राहिलं की अंग गंजतं" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की पोरं पाठीमागं माझी नक्कल करतात. करू देत. माझ्या घरी काय झालं ते त्यांना कळलं तर ती माझ्याकडं बघून हसणारही नाहीत.

आमचं गाव बेळगुंदी. गेल्या वर्षी रताळी काढायच्या दिवसांत आई बांधावरून घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. वय सत्तरीच्या पुढं. बेळगावात ऑपरेशन झालं, आत सळई बसवली. दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपीवाली आली, कन्नड घरातली विशी-पंचविशीतली पोरगी. "अज्जी, एळ्री, एळ्री," म्हणजे आजी, उठा, उठा, करत तिनं आईला वॉकर धरून उभं केलं. आई कळवळली, तिला दोन शिव्या हासडल्या आणि चार पावलं चालली. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

घरी सोडताना त्या पोरीनं मला नीट समजावलं. हाड सळईनं धरलंय, पायावर भार दिला तरी चालेल, डॉक्टरांनीच सांगितलंय. पडून राहिलं तर मांडीतली ताकद भराभर जाते, म्हाताऱ्या माणसाची जास्तच, आणि गेलेली परत आणायला फार दिवस लागतात. शिवाय रक्त गोठायची, छातीत कफ धरायची भीती. म्हणून दिवसातून चार वेळा चालवायचं, रोज थोडी पावलं वाढवायची, खुर्चीवरून उठबस करून घ्यायची, जेवणात डाळ, अंडी, दूध कमी पडू द्यायचं नाही. मी ऐटीत सांगितलं, मी पी.टी. मास्तर आहे. "मग काय काळजीच नाही सर," ती म्हणाली.

आईचं मागणं फार नव्हतं. परसातल्या संडासाला कुणाचा हात न धरता जाता यावं, एवढंच. सुनेला हाक मारावी लागते यानं तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पहिले तीन दिवस माझ्या बायकोनं तिला इमानेइतबारे चालवलं. मग माणसं यायला लागली. आमच्याकडं कुणी दवाखान्यातून घरी आलं की भेटायला जावंच लागतं, नाही गेलं तर वर्षभर बोल लागतो. केळी, बिस्किटाचे पुडे, शहाळी घेऊन यायचं, उशाशी बसायचं, हात हातात घेऊन उसासा टाकायचा. त्यासाठी माणूस अंथरुणात असावं लागतं. तोच चालत सामोरा आला तर आलेल्यांनी करायचं काय?

उचगावची आत्या आली तेव्हा आई सोप्यात वॉकर घेऊन चालत होती, बायको मागं. आत्या उंबऱ्यातच थांबली.

"अगं बया! म्हातारीला चालवायलीस व्हय गं? हाड तरी जुळू दे. एवढ्यात सासू जड झाली व्हय तुला?"

आत्याबरोबर चार शेजारणी होत्या. बायकोचं तोंड एवढंसं झालं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग सगळ्यांनीच बघितलं. मला सगळं तोंडपाठ होतं. एका मिनिटात सांगून झालं असतं. पण ऐन वेळी गावात बोलणं होईल, मास्तरानं आईला बायकोच्या ताब्यात दिलं म्हणतील, हेच डोक्यात आलं. मी म्हणालो, "झोपव तिला. राहू दे आठ दिवस."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडा पाषाण. दुसरं काय?

आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना. रोज कुणी ना कुणी यायचंच. "दुखणं हत्तीच्या पावलानं येतंय आन् मुंगीच्या पावलानं जातंय," असं म्हणून केळी ठेवून जायचं. बायको दोनदा म्हणाली, निदान सकाळी लवकर चालवू या. मी तिच्यावरच खेकसलो. एका दुपारी आईनंच विचारलं, "ती पोरगी चार येळा चालायचं म्हणालती न्हवं? आज न्हाय चालवत व्हय रं?"

"झोप आई, पाहुणे यायलेत."

ती निमूट झोपली. तिचा तो शहाणपणा अजून माझ्या अंगावर येतो.

दीड महिन्यानं माणसं यायची थांबली. मी वॉकर पुढं केला, तिला उभं केलं. पाय लटलटले आणि ती मटकन खाली बसली. मांडीवरचं कातडं सैल लोंबत होतं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग तिच्या मनात भीती बसली. वॉकर दिसला की खाटेचा कठडा घट्ट धरायची.

तपासणीला घेऊन गेलो. त्याच पोरीनं आईचे पाय दाबून बघितले, वाकवून बघितले. तिच्या कपाळावर आठी पडली.

"सर, घरी रोज किती चालवलं?"

मी खरं सांगायचं ठरवूनच आलो होतो. पण आईच बोलली.

"चालवतोय की गं रोज. पी.टी. मास्तर हाय माझा ल्योक. चुकवल व्हय त्यो? माझ्याच पायात दम न्हाय ऱ्हायला बघ."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या तक्त्यातली माणसाची हाडं वाचत राहिलो.

रोज व्यायाम घेऊनही सुधारणा नाही, असं तिनं आईच्या कागदावर लिहिलं. मग हळू आवाजात मला म्हणाली, सर, तुम्ही एवढं केलंत, आता मनाला लावून घेऊ नका, चाकाची खुर्ची घ्या. दुकान कुठं आहे तेही सांगितलं. मी पत्ता लिहून घेतला.