एकाला चार

पुलाच्या तोंडाशी काकूंचं नोटा बदलून देण्याचं दुकान होतं. दुकान कसलं, काचेची एक खिडकी, आत स्टूल, ओला स्पंज आणि रबरबँडांनी भरलेला डबा. पुलापलीकडे दुसरा देश, दुसऱ्या नोटा. दोन्ही देश इतके लहान, की त्यांची चलनं बाहेरच्या जगात कुणी ओळखतही नसे. पण पुलावरून रोज ये-जा करणाऱ्यांचं पोट त्याच भावावर होतं. पलीकडच्या एका नोटेला आपल्या किती, हा आकडा सकाळी पाटीवर चढे आणि तारखेसकट वहीत उतरे. एकतीस वर्षं, एकही दिवस न चुकता. लोक म्हणत, "आमच्या काकू भाव सांगतात, खात नाहीत."

मागच्या साली मध्यवर्ती बँकेतला एक अधिकारी आला. "दोन्ही चलनांच्या दराचा इतिहास लिहितोय, काकू. तुमच्याइतकी नोंद आमच्याकडेही नाही."

काकूंनी वह्यांना कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. पण त्याला दिल्या. म्हणाल्या, "सगळं घ्या. फक्त टंचाईची तीन वर्षं नीट बघा."

त्या तीन वर्षांत सरकारने एकाला चार असा भाव बांधून दिला होता. त्या भावाने नोट मागायला बँकेत गेलं की उत्तर ठरलेलं, शिल्लक नाही. मिळायची ती साहेबांच्या मेव्हण्याला. रस्त्यावर भाव आधी अकरा झाला, मग एकोणीस. औषध घ्या, टायर घ्या, शिलाई मशीनची सुई घ्या, सगळ्याची किंमत एकोणिसाच्या हिशेबाने. तेव्हा खिडकीत काकूंचा नवरा बसायचा. पाटी त्याची, वही काकूंची; पाटीवर सरकारी चार, वहीत रस्त्यावरचा भाव. एका सकाळी त्याने पाटीवर खरा आकडा लिहिला. एकोणीस. दुपारी त्याला उचलून नेलं. अफवा पसरवल्या म्हणून नऊ महिने आत. सुटून आला तेव्हा उजव्या हाताची बोटं वळत नव्हती, नोटा मोजता येत नव्हत्या. त्याला नेल्या दिवसापासून खिडकीत बसलेल्या काकू मग तिथेच राहिल्या. चार वर्षांनी तो गेला.

यंदा पुस्तक छापून आलं. जाडजूड, गुळगुळीत कागदाचं. काकूंना एक प्रत भेट. लेकीने ते पान काढून वाचलं, "या तीन वर्षांत दर एकास चार असा स्थिर राहिला."

"परत वाच."

लेकीने परत वाचलं. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "स्थिर? मेल्यांनो, स्थिर?"

"आई, बीपी वाढेल तुझं."

"वाढू दे. तेही स्थिर होतं असं लिहितील."

दुसऱ्या दिवशी लिफ्ट बंद होती तरी काकू तीन जिने चढून बँकेत गेल्या. अधिकारी उठून उभा राहिला. "या, काकू. चहा सांगू?"

"घशाखाली उतरायचा नाही. एकोणीस कुठं गेला?"

"शेवटच्या पानावर तुमचे आभार मानलेत बघा…"

"आभार चुलीत घाला. एकोणीस कुठं गेला?"

त्याने मान खाली घातली. "इतिहास अधिकृत आकड्यांवरच लिहावा लागतो. तुमच्या वह्यांतला भाव अनधिकृत धरतात."

"अनधिकृत!" काकूंचा आवाज असा चढला, की शेजारच्या टेबलांवरचं काम थांबलं. "एकोणीस खोटा होता, तर माझ्या माणसाला कोंडलंत कशाला? खोट्याला इतकं कोण घाबरतं? आणि आता म्हणता तसं काही झालंच नाही? कोंबडं झाकलंत म्हणून उजाडायचं राहिलं का?"

अधिकाऱ्याने ड्रॉवर उघडला. आत एक तक्ता होता, तीन वर्षांचा, महिन्यामहिन्याचा, काकूंच्या वह्यांवरून केलेला. त्यावर लाल शाईची आडवी फुली. "मी घातला होता," तो हळू आवाजात म्हणाला. "वरून काढायला लावला."

"वरून म्हणजे कुणी?"

त्याने तक्ता पुन्हा ड्रॉवरकडे सरकवला. काकूंना त्याची कीव आली असती, पण राग जागा देईना. "तुम्हाला नोकरी सांभाळायची होती," त्या म्हणाल्या. "माझ्या माणसालाही घर होतं." मग त्यांनी वह्या मागितल्या आणि वर तो तक्ताही. दाराकडे एकदा बघून त्याने तो दिला.

काकूंनी तक्त्याची मोठी प्रत काढून खिडकीच्या काचेला आतून चिकटवली, फुलीसकट. रांगेतली माणसं थबकू लागली. एक म्हातारी एका महिन्यावर बोट ठेवून म्हणाली, "या महिन्यात आईच्या इंजेक्शनसाठी मी बांगड्या मोडल्या." मागचा ड्रायव्हर म्हणाला, "आमचा ट्रक याच महिन्यात विकावा लागला." चौथ्या दिवशी हवालदार आला. "काकू, कागद काढा."

"आत या आणि काढा. एवढ्या लोकांसमोर काढा."

हवालदाराने रांगेकडे पाहिलं. रांगेतलं कुणी हललं नाही. तो गेला.

पुस्तकात मात्र एक अक्षर बदललेलं नाही. काकूंची तीन पत्रं बँकेत पडून आहेत, पोच सुद्धा नाही. परवा त्या लेकीकडून चौथं लिहून घेत होत्या. लेक म्हणाली, "भाषा जरा मऊ करू का?"

"मऊ तीन झाली," काकू म्हणाल्या. "लिही."