बॉलला हात न लावता

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. गुडघ्यात पाणी साठतं तसे ते साठत जातात, आणि एक दिवस फिजिओ बोटानं दाबून म्हणतो, "बरंच झालंय की!" माझ्या डाव्या गुडघ्यात सात सीझनचं पाणी आहे. यंदा खेळ बंद करायला सांगितलाय. म्हणून आता पाय स्टुलावर ठेवून सांगत बसलोय.

मी विलायतेत, मिल्टन कीन्सला राहतो, आयटीत आहे, एकटा आहे. उंची सहा फूट दोन, वजन एकशे अठ्ठावीस. पुण्यात घरी मला लाडानं 'बैल' म्हणायचे. इथं एकदा शेजाऱ्याची गाडी चिखलात रुतली, ती मी मागून एकट्यानं ढकलून काढली. पलीकडच्या फुटपाथवरून एक टकला गृहस्थ हे बघत होता. तो बॅरी. पोटापाण्यासाठी ड्रायव्हिंग शिकवायचा आणि रविवारी 'रेडवे ऑक्सन' नावाच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा कोच असायचा. ऑक्सन म्हणजे बैल! म्हटलं, हे आपलंच घर दिसतंय.

खेळ थोडक्यात सांगतो. बॉल फेकणारा एक क्वार्टरबॅक असतो. त्याचं नाव होतं, फोटो निघतात. त्याच्यापुढे पाच जाडे वाकून उभे असतात, त्यांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. त्यांनी फक्त समोरच्यांना अडवायचं, बॉलला हात लावायचा नाही. त्यांचा नंबर लोकांना कळतो तो चुकल्यावरच. पंच पिवळा रुमाल टाकतो आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडतो, "नंबर चौसष्ट!" चौसष्ट म्हणजे मी.

* * *

पहिली मॅच. माझं काम एकच, क्वार्टरबॅकच्या डाव्या बाजूनं कुणाला येऊ द्यायचं नाही. क्वार्टरबॅक टॉम, घरं विकणारा, दिसायलाही ब्रोशरमधल्यासारखा. तो मागून ओरडला, "हट!"

मी हटलो.

लहानपणापासून 'हट' म्हटलं की बाजूला व्हायची सवय! समोरचा दांडगा माझ्या शेजारून सरळ आत गेला आणि टॉम गवतावर उताणा. श्वास परत आल्यावर त्यानं विचारलं, "व्हिनी, तू गेलास कुठे?"

"तूच म्हणालास ना!" मी म्हणालो.

विनायकचं तोपर्यंत व्हिनी झालेलं होतं. 'हट' म्हणजे बॉल निघाला, आता भिडायचं, हे डोक्यात बसायला महिना लागला. आणि बॉल निघायच्या आधी केसभरही हलायचं नाही, हाही नियम. हललास की रुमाल, आणि टीम पाच यार्ड मागे. हे मात्र मी असं घोटलं की वर्षानुवर्षं एकदाही आधी हललो नाही. बॅरी नवीन पोरांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, "पार्क केलेली गाडी कशी असते, ते बघा!"

* * *

आईला दर रविवारी सकाळी फोन असायचा. मॅचला निघायच्या आधी, पुण्यात तेव्हा दुपार.

"किती गोल केलेस?"

"आई, यात गोल नसतात. आणि मला बॉलला हात लावायचा नसतो."

"पायानं खेळता?"

"पायही नाही. दुसऱ्याला नीट फेकता यावं म्हणून मी मधे उभा राहतो."

आई म्हणाली, "म्हणजे मांडव घालणारे तुम्ही. लग्न दुसऱ्याचंच."

सात वर्षं मी लोकांना ऑफेन्सिव्ह लाइन समजावतोय, पण इतकं नेमकं कुणाला सांगता आलं नाही. त्यावर तिचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "बघायला कोणी येतं का रे तुला?"

"येतात की, बरीच येतात," मी सांगायचो.

येत असत, पण बाकीच्यांची. मॅच संपली की प्रत्येक जण हेल्मेट काढून साइडलाइनकडे जायचा. तिथं बायको, आई, पोरं, फ्लास्कमधला चहा. मी गाडीकडे जायचो आणि डिकीवर बसून बूट सोडायचो. बुटांच्या नाड्या सोडायला मला फार वेळ लागतो असा टीमचा समज होता. तो मी होऊ दिला.

* * *

मावशीनं माझं नाव एका विवाहमंडळात घातलं होतं. छंदाच्या रकान्यात मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'अमेरिकन फुटबॉल, ऑफेन्सिव्ह लाइनमन.'

तिथल्या एका मुलीच्या वडिलांनी मावशीला फोन केला. "मुलगा शिकलेला आहे, पगार चांगला आहे, सगळं मान्य. पण वागायला ऑफेन्सिव्ह आहे असं त्यानं स्वतःच लिहून दिलंय, मग पुढे जाण्यात काय अर्थ?"

* * *

क्लबच्या फॉर्मवर एक चौकट असते, अपघात झाला तर कुणाला कळवायचं. मी आईचं नाव आणि पुण्याचा नंबर लिहिला.

बॅरी म्हणाला, "तुझा पाय मोडला तर त्या पुण्याहून येऊन उचलणार?"

"उचलायला तिला जमेल. व्हिसाला वेळ लागेल."

"इकडे कोणी नाही?"

मी फॉर्मकडे बघत राहिलो. बॅरीनं पेन घेतलं, पुण्याचा नंबर खोडला आणि स्वतःचा लिहिला.

तिसऱ्या सीझनला माझं बोट उलटं वळलं. फर्स्ट एडवाली नवीन होती. तिनं नियमाप्रमाणे फॉर्म काढला आणि फोन लावला. माझ्यापासून दोन फुटांवर बॅरीच्या खिशात फोन वाजला. त्यानं तो शांतपणे उचलला, सगळं ऐकून घेतलं, "अरेरे! मी ताबडतोब येतो," म्हणाला, फोन ठेवला आणि दोन पावलं पुढे आला.

* * *

आता मुख्य गोष्ट. लाइनमधल्या पाच जणांना एकमेकांना ओरडून सांगावं लागतं, डावीकडे सरका, उजवीकडे सरका, तो पळत येतोय. आमचे इंग्रजी इशारे लीगमधल्या सगळ्या टीमना पाठ झाले होते. बॅरी वैतागून म्हणाला, "व्हिनी, तुझ्या भाषेत लेफ्टला काय म्हणतात?"

"डावा."

"राइट?"

"उजवा."

झालं! डावा, उजवा, थांब, आला. चार शब्द, आणि ओरडायचं काम माझं. माझ्या शेजारी केव्हिन असायचा, छपरं दुरुस्त करणारा, कानात बाळी, दंडावर बुलडॉग गोंदवलेला. तो 'उजवा'चं 'ऊजव्हा' करायचा, पण जीव तोडून करायचा. पुढे तो त्याच्या व्हॅनमध्येही हेच वापरायला लागला. मिल्टन कीन्समध्ये दर दोन मिनिटांनी राउंडअबाउट. शेजारी बसून मी वाट दाखवायची, "डावा, डावा, थांब, उजवा." एकदा त्याची बायको मागे बसली होती. ती म्हणाली, "माझं इंग्रजीही तू इतकं ऐकत नाहीस!"

हसायचं सोडून तुम्हाला एक खरं सांगतो. माझ्या आठवड्यातलं मराठी एवढंच उरलं होतं. इथं मराठी मंडळ आहे, गणपतीला जातो. माझी छाती बघून लोक म्हणतात, "जरा ती टेबलं उचलता का?" मी उचलतो. टेबलं संपली की बोलणंही संपतं. रविवारी सकाळी आईचा फोन, दुपारी केव्हिनचा ऊजव्हा. मग सोमवार ते शनिवार काहीच नाही.

* * *

पाचव्या सीझनला आई गेली. पुण्याला जाऊन, सगळं उरकून परत आलो. त्या रविवारी मॅचला गेलो नाही. सकाळची फोनची वेळ आली आणि गेली.

केव्हिननं मेसेज केला होता, "तुमच्यात अशा वेळी काय करतात?" मी लिहिलं, "विशेष काही नाही. लोक येतात आणि बसतात."

तासाभरानं बेल वाजली. दारात अख्खी लाइन, चौघं. स्वच्छ शर्ट घालून आलेले. केव्हिन म्हणाला, "आम्ही बसायला आलोय."

आणि बसले. माझ्या दोन माणसांच्या सोफ्यावर तिघं, चौथा खिडकीत. कोणी चकार शब्द काढेना. कुणीतरी त्यांना काय सांगितलं होतं कोण जाणे, मी चहा विचारला तरी माना हलवून नको म्हणाले. वीस मिनिटं अशी गेली. मग काडकन आवाज झाला, सोफ्याचा पाय मोडला आणि तिघंही एका बाजूला कलंडले. तरी कोणी हललं नाही! तसेच तिरके, हात गुडघ्यावर ठेवून, दुःखी चेहऱ्यानं बसून राहिले.

शेवटी केव्हिननं हळूच विचारलं, "थांब?"

मी हसायला लागलो. हसता हसता रडायला लागलो, ते बराच वेळ. तो सोफा अजून घरात आहे, मोडक्या पायाच्या जागी डावपेचांचं जुनं प्लेबुक घातलंय.

* * *

माझी शेवटची मॅच इल्फर्डकडच्या टीमशी झाली. आम्ही हरलो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचं लक्ष स्कोअरकडे जायला नको. माझं स्वतःचं स्कोअरकडे नव्हतंच. पुढच्या रविवारपासून आपण कुठे जाणार, एवढंच डोक्यात होतं.

माझ्यासमोर नंबर एक्क्याण्णव. नवीन पोरगा, चोवीस-पंचवीसचा असेल, हेल्मेटमध्ये चेहरा धड दिसत नव्हता. मी 'डावा' ओरडलो की तो आधीच त्या बाजूला. 'उजवा' ओरडलो की उजवीकडे हजर. टॉम चार वेळा आडवा झाला. केव्हिन मला म्हणाला, "व्हिनी, त्याला येतं."

"काय येतं?"

"तुझं. मराठी."

मी म्हटलं, काहीतरीच! पण पुढच्या वेळी लाइनवर वाकलो, हात जमिनीवर टेकवला आणि त्याच्याकडे न बघता हलक्या आवाजात म्हणालो, "आईनं डब्यात काय दिलंय?"

एक्क्याण्णव फस्सकन हसला आणि तोल जाऊन माझ्यावर पडला. पिवळा रुमाल, आणि तोही त्यांच्या विरुद्ध! उठताना तो माझ्या हेल्मेटजवळ म्हणाला, "पोहा दिली आहे."

मध्यंतरात बॅरीला सगळं कळलं. त्यानं लगेच ठरवलं, "मराठी बंद. आता रंग. रेड म्हणजे लेफ्ट, ब्लू म्हणजे राइट." कोच म्हणून बरोबरच होतं त्याचं. पण उरलेला सगळा वेळ मी 'रेड, ब्लू' ओरडत होतो आणि शेवटच्या मॅचला तोंडातून घास काढून घेतल्यासारखं वाटत होतं.

शेवटची काही सेकंदं. आम्ही चार गुणांनी मागे आणि रेषा चार यार्डांवर. बॉल रेषेपार गेला की सहा गुण, म्हणजे जिंकलो. बॅरी साइडलाइनवर गुडघे टेकून बसला होता. मी वाकलो, हात टेकवला. आता बॉल निघेपर्यंत हलायचं नाही. समोर एक्क्याण्णव वाकला. त्यानं मान तिरकी करून हळूच विचारलं, "दादा, मराठी का बंद केला?"

दादा. या देशात तोपर्यंत मला कोणी दादा म्हटलं नव्हतं.

मी उठून सरळ उभा राहिलो. "केली," मी म्हणालो. "मराठी का बंद केली."

रुमाल पडला. केव्हिन डोक्याला हात लावून म्हणाला, "व्हिनी! तू हललास?" पंच मैदानाच्या मध्यावर आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "फॉल्स स्टार्ट! नंबर चौसष्ट! पाच यार्ड मागे!"

मी मागे जायला वळलो. तेवढ्यात पलीकडच्या साइडलाइनवरून, त्यांच्या माणसांतून, एका बाईचा खणखणीत आवाज आला. अंगात निळं जाकीट, हातात स्टीलचा मोठा डबा.

"अहो, चौसष्ट नंबर! मॅच संपली की तसेच निघून जाऊ नका हं! पोहे भरपूर आणलेत!"